सत्तांतराची जीप

"या गावचे सरपंच कोण?" असं मी भागूमामांना पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी सावकाश गिअर बदलला, आरशात मागचं पाहून घेतलं आणि म्हणाले, "आजचे, का पुढल्या महिन्यातले?"

ग्रामसेविका म्हणून रुजू व्हायचा माझा पहिला दिवस होता. वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरले, आत जायला नऊ किलोमीटर आणि समोर उभी एकच जीप. गावाचं नाव सांगत नाही. सरकारी नोकरीत आहे आणि ती अजून बरीच वर्षं करायची आहे. ड्रायव्हर चेष्टेखोर दिसतोय, एवढंच मनात म्हटलं आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. पुढल्या महिन्यात सरपंच बदलले.

मी ऑफिसातून तडक मामांकडे गेले. "तुम्हाला आधी कसं कळलं?"

"कळायचं काय त्याच्यात," ते म्हणाले. "मीच नेल्तं ना मेंबरायला सहलीला."

सहल म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सरपंचाला खाली खेचायचं असेल तर मेंबर लोक अविश्वास ठरावाची नोटीस तहसीलला देतात. मग सभा लागेपर्यंत चार-सहा दिवस जातात. तेवढ्या दिवसांत सरपंच गोड बोलून एखाद्याला फोडणार, म्हणून सगळ्या बंडखोरांना एका गाडीत घालायचं, गावापासून लांब न्यायचं, देवदर्शन घडवायचं, खाऊपिऊ घालायचं आणि सभेच्या दिवशी थेट ग्रामपंचायतीच्या दारात आणून उतरवायचं. अंबड, घनसावंगी आणि परतूर या तीन तालुक्यांत हे काम करावं तर भागूमामांनीच. आष्टीकडून फोन यायचे, जांब समर्थकडून यायचे. एरवी ते फाटा ते गाव अशा सीटा मारायचे, पण नोटीस पडली की जीपच्या काचेवर "रिझर्व्ह" असा पुठ्ठा लागायचा आणि आसपासचे सगळे सरपंच आपापले मेंबर मोजायला लागायचे. जीप आपल्यासाठी निघाली का दुसऱ्यासाठी, ते कोणालाच कळायचं नाही.

मामा साठीच्या पुढचे, उंच, काटक, पांढरा पायजमा-शर्ट आणि उन्हानं रापलेला चेहरा. वडील मेंढपाळ. चातुर्मास सोडला तर घर पाठीवर घेऊन हिंडलेलं कुटुंब. मामांनी मेंढरं सोडून स्टेअरिंग धरलं, पण मोजायची सवय गेली नाही. जीपमधून माणसं उतरायला लागली की ते दाराशी उभे राहून दोन बोटं हलवत जोडीजोडीनं मोजायचे, आणि मोजून झालं की "बराबर" म्हणायचे. लग्नाच्या पंगतीतून लोक उठले तरी मोजायचे. माझ्या ऑफिसातल्या खुर्च्याही त्यांनी येता-जाता मोजल्या होत्या. एक कमी आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

धंद्याचे त्यांचे नियम होते आणि ते मोडायला सांगायची कोणाची छाती नव्हती. जो आधी बोलावील त्याची गाडी, मग तो सत्तेतला असो का विरोधातला. गाडीत बसलं की फोन पिशवीत, पिशवी सीटखाली. कच्चा मेंबर मधल्या सीटवर, दोन्ही बाजूला पक्के. व्याही-व्याही शेजारी बसवायचे नाहीत. जीपमध्ये बोललेलं जीपमध्ये राहील. आणि सगळ्यात कडक नियम असा की मेंबर तेवढा गाडीत, मेंबरचे मालक फाट्यावरून माघारी. आता अर्ध्याहून जास्त मेंबर बाया, आणि त्यांचा कारभार नवरे बघणार ही आपली रीत. ते नवरे बॅगा घेऊन आधीच पुढल्या सीटवर बसलेले असायचे. मामा दार उघडून धरायचे. "हात वर तुमी करनार का त्या?" नवरा म्हणायचा, "त्याच करतील, पण..." "मंग उतरा." असे उतरवलेले नवरे फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. सहलीचा एवढा एक फायदा लोकशाहीला झाला, असं माझं मत आहे.

परतूरकडच्या एका गावच्या द्वारकाबाई म्हणून मेंबर होत्या. त्यांची सहल कोकणात गेली होती. हे मला द्वारकाबाईंनीच सांगितलं, आणि त्या बाजारात भेटेल त्याला सांगतात. मामांच्या तोंडून जीपमधल्या कोणाचं नाव कधी बाहेर आलं नाही. तर द्वारकाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि नऊवारीसकट त्यात मांडी घालून बसल्या. निघायची वेळ झाली, परवा सभा, आणि बाई उठेनात. "मी काय येत न्हाई. तुमचं सरकार तुमचं तुमी पाडा," म्हणाल्या. पॅनलप्रमुखानं हात जोडले. बाकीच्या बायांनी ओढून पाहिलं. एक मत कमी पडलं तर ठराव बारगळणार होता आणि ते मत खाऱ्या पाण्यात बसून शिंपले गोळा करत होतं. शेवटी मामा पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून पाण्यात शिरले आणि त्यांच्याशेजारी उकिडवे बसले.

"मावशे," ते म्हणाले, "मघाशी पानी कुठवर आल्तं?"

"कंबरेवर."

"अन् आता?"

द्वारकाबाईंनी पाहिलं. ओहोटी लागली होती, मांडीखाली नुसती ओली वाळू.

"समुद्रच घराकडं चालला," मामा म्हणाले. "तू एकटी काहून थांबती?"

बाई उठल्या. त्या गावचा सरपंच पडला, आणि पुढच्या निवडणुकीत मेंबरकीचा फॉर्म भरायला तिथे बायांची रांग लागली.

मी राज्यशास्त्रात एम.ए. केलं आहे. बाहेरून केलं, पण केलं. राजवटी का कोसळतात यावर मी एके काळी वीस मार्कांचं उत्तर पाठ केलेलं होतं. आर्थिक अरिष्ट, जनतेचा असंतोष, अधिमान्यतेचा ऱ्हास, लष्कराची भूमिका. एकदा जीपमध्ये दोघंच होतो, तेव्हा ते सगळं मी मामांना ऐकवलं. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं.

"असंल," ते म्हणाले. "पर मपल्या गाडीत त्यातलं कोणीच बोलत न्हाई."

"मग काय बोलतात?"

"नाव सांगनार न्हाई. एक म्हनतो, सरपंच पोरीच्या हळदीला आला न्हाई. एक म्हनतो, बॅनरवर मपला फोटो तिकिटाएवढा. एक बाई तर तीन दिवस रडत होती, नळाच्या उद्घाटनाला फीत धरायला लावली अन् कात्री दिली न्हाई म्हनून." त्यांनी खड्डा चुकवला. "सरकार सभेत पडत नसतं म्याडम. सभेत नुसता पंचनामा होतो. पडतं ते कोनाच्या तरी ओट्यावर, साल-दीड साल आधी. अन् पडल्याला आवाज येत न्हाई."

"मग ओळखायचं कसं?"

"मेंढरू कळपातून पळून जायच्या आधी काय करतं?"

मला काय माहीत. माझे वडील पोस्टात होते.

"चरायचं थांबतं," मामा म्हणाले. "वरडत न्हाई, शिंग मारत न्हाई. गप उभं राहतं. वरडनाऱ्याची काळजी करू नये. गप राहील त्याच्याकडं जल्दी जावं."

हे मी वहीत लिहून ठेवलं. वीस मार्कांचं उत्तर आता मला आठवत नाही, हे आठवतं.

हळूहळू सरपंच लोकच त्यांचा सल्ला घ्यायला येऊ लागले. एकदा शेजारच्या गावचे सरपंच नवी कोरी चारचाकी घेऊन फाट्यावर आले. काळा चष्मा, हाताला गंडेदोरे. काच खाली करून त्यांनी हळूच विचारलं, "मामा, माझं काही कानावर हाये का?" मामा म्हणाले, "कानावर असलेलं सांगत न्हाई. तुमीच सांगा, तुमच्या गाडीत पुढल्या सीटवर कोण बसतं?" सरपंच म्हणाले, "तिथं कोणी न्हाई. बॅग ठेवतो." मामांनी बॅगेकडे पाहिलं. "मंग तिलाच मत मागा," म्हणाले आणि सीटा भरायला निघून गेले. आश्चर्य म्हणजे सरपंचांनी त्या दिवसापासून बॅग मागे टाकली आणि वाटेत दिसेल त्या मेंबरला पुढे बसवून फिरवायला सुरुवात केली. पाच वर्षं बिनघोर काढली त्यांनी.

मुंबईतली सरकारं हलायला लागली की फाट्यावरच्या हॉटेलातला टीव्ही मामांच्या ताब्यात. आमदारांना विमानात घालून कुठल्या कुठल्या हॉटेलांत नेलेलं दाखवायचे. सगळं गाव कोण जिंकणार यावर वाद घालायचं आणि मामा एखाद्या पट्टीच्या गवयानं नवशिक्याचं गाणं ऐकावं तसे मान हलवत बसायचे. "विमानानं काहून नेलं? विमानात मोजता येत न्हाई." थोड्या वेळानं, "अरे, खिडकीतून फोटो काढून राह्यले. फोन जमाच केले न्हाईत का याहीनं?" बाहेरच्या देशातला कोणी सत्ताधीश महाल सोडून पळाला अशी बातमी आली, तेव्हाही त्यांचा प्रश्न एकच होता, त्याचा ड्रायव्हर किती दिवसांपासून गप होता.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि नऊ मेंबरांतून जी सरपंच निवडली गेली, ती भागूमामांची सून संगीता.

संगीता बी.ए. झालेली, नवऱ्याचं फाट्यावर खताचं दुकान, आणि जीभ सरळ. सासऱ्यांना गाव मामा म्हणायचं आणि तीही मामाच म्हणायची. तिच्यासारखी सरपंच मला परत मिळायची नाही. इतर ठिकाणी मी सह्यांसाठी घरोघर हिंडले आहे. ही सकाळी दहाला ऑफिसात. मासिक सभा अकराला म्हणजे अकराला. मागच्या सभेचं इतिवृत्त ती मोठ्यानं वाचायची, आणि तेही पूर्ण. ज्या मेंबरांनी वर्षानुवर्षं न वाचता सह्या केल्या होत्या, त्यांना आपण कशाकशाला मंजुरी दिली ते ऐकून घाम फुटायचा. सुरुवातीला ते भांडायचे. उपसरपंच रावसाहेब तर टेबलावर हात आपटायचे. मग भांडणं कमी झाली. मग सभा वीस मिनिटांत संपायला लागल्या. संगीता खूष, मी तिच्याहून खूष. एका संध्याकाळी मामा तिला माझ्यासमोर म्हणाले, "संगीता, आजकाल मेंबर भांडत न्हाईत."

"बरंय की मामा," ती फाईल लावत म्हणाली. "शहाणे झाले."

मामांनी जाता जाता खुर्च्या मोजल्या. मलाही वही आठवली नाही. दोन बायका, दोन पदव्या, आणि आम्ही दोघी फायली लावत बसलो.

पुढे घडलं ते फक्त आमच्याच गावात घडू शकतं. रावसाहेबांनी सात मेंबरांची जमवाजमव केली. तीन बाप्ये आणि चार बाया. नवापैकी सात हात वर झाले तरच सरपंच जाणार, म्हणजे एकही इकडेतिकडे होऊन चालणार नव्हता. नोटीस टंकली, तहसीलला दिली, आणि नोटीस देऊन पायऱ्या उतरता उतरता रावसाहेबांनी फोन काढून सवयीनं नंबर लावला. "मामा, सहल हाये. तीन दिवस. सात जण."

"कोन्या गावचे?" मामांनी विचारलं.

रावसाहेब तोंड उघडायला गेले आणि पायरीवरच थांबले. सरपंच पाडायचा तर भागूमामांची जीप, हे डोक्यात इतकं मुरलेलं की ज्या बाईला पाडायचं तिच्या सासऱ्यालाच आपण गाडी सांगतोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आपलेच," शेवटी रावसाहेब म्हणाले.

"आधी तुमचाच फोन आला," मामा म्हणाले. "सकाळी सातला फाट्यावर या."

रावसाहेबांनी मग दुसरी गाडी बघायची खटपट केली. पण चारी बाया अडून बसल्या. मामा असतील तर येतो, नाही तर नवरे मागे लागतात. मामांवर भरवसा नाही असं तोंडानं म्हणायला तर कोणीच तयार नव्हतं. त्या सातांपैकी कौसाबाई माझ्याशी मोकळेपणानं बोलणाऱ्या. त्यांनीच मला पुढचं सगळं सांगितलं. सकाळी सातला जीप निघाली. बीडच्या पुढे नाश्त्याला थांबल्यावर मामांनी नेहमीप्रमाणे आपली फडक्यातली शिदोरी काढली. फडकं उघडलं तर धपाट्यांची ही चळत. शेंगदाण्याची चटणी, वर लोणचं. मामांनी सवयीनं मोजलं. आठ जणांचं होतं.

"कोनी दिलं हे?" रावसाहेबांनी विचारलं.

"सुनंनं."

जीपमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "मग?" मी कौसाबाईंना विचारलं. "मंग काय, खाल्ले," त्या म्हणाल्या. "गरम होते."

तुळजापूर झालं, अक्कलकोट झालं. मामांनी फोन पिशवीत ठेवले होते, कच्चा मेंबर मधे बसवला होता, आणि कोणाला एक शब्द कमीजास्त बोलले नव्हते. इकडे गावात मात्र पैजा लागल्या होत्या. म्हातारा गाडी वेळेवर आणणारच नाही, ही सगळ्यांची खात्री. अर्धा तास उशीर झाला तरी काम फत्ते होतं. रेल्वेचं फाटक लागू शकतं, डिझेल संपू शकतं, मामांच्या छातीत दुखू शकतं. मी सरकारी नोकर. मी कोणाच्या बाजूची नाही आणि नसायलाच पाहिजे. तरी सभेच्या दिवशी सकाळपासून मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मनातल्या मनात पुढे ढकलत होते, हे आज कबूल करून टाकते.

आणि जीप खरंच पंक्चर झाली.

शहागड ओलांडलं, वडीगोद्री दोन-तीन किलोमीटरवर राहिली आणि मागचं चाक बसलं. दहा वाजून वीस मिनिटं. सभा अकराला. स्टेपनी लावावी तर ती आदल्या दिवशीच घाटात वापरून झालेली, आणि दुरुस्त करायची राहिलेली. कौसाबाई म्हणतात, सात जण खाली उतरले आणि कोणीही कोणाकडे पाहीना. रावसाहेब म्हणाले, "मामा, हे काय बरं न्हाई केलं तुमी." मामांचा चेहरा असा उतरला की रावसाहेबांनाच बोलल्याचं वाईट वाटलं. मामांनी चपला काढून जीपखाली सारल्या आणि हायवेच्या कडेनं पळायला लागले.

अर्धा किलोमीटरवर एका ढाब्यासमोर त्यांच्या भावकीतल्या माणसाचा छोटा टेम्पो उभा होता. मेंढरं घेऊन तो अंबडच्या बाजाराला निघालेला. मामांनी त्याला चहाच्या कपासकट उठवलं, टेम्पो उलटा वळवून आणला आणि सातही मेंबरांना मेंढरांमध्ये चढवलं. चार बाया, तीन बाप्ये, बारा मेंढरं, आणि मागच्या फळीला लटकलेले स्वतः मामा. जीप तशीच हायवेवर सोडली. दारंसुद्धा लावली नाहीत.

अकराला तीन मिनिटं कमी असताना टेम्पो ग्रामपंचायतीच्या अंगणात शिरला. तहसीलदार साहेब घड्याळ बघत बसले होते. संगीता समोरच्या खुर्चीवर, हात जुळवून. बाहेर आधी बें बें ऐकू आलं, मग कौसाबाईंचा आवाज, मग गावाचं हसू. मी दारात गेले. मामांनी फळी पाडली आणि माणसांबरोबर चार मेंढरांनीही उड्या घेतल्या. मामा दोन बोटं हलवत मोजतायत, मधेच मेंढरू येतंय, ते बाजूला सारून पुन्हा पहिल्यापासून मोजतायत. रावसाहेबांच्या जाकिटाचा खिसा एका मेंढीनं पार चावून टाकला होता आणि ठरावाची प्रत त्यातच होती. दोन बायांच्या डोक्यावर लोकर. तहसीलदार साहेबांनी रुमालानं तोंड झाकलं. मी इतकी हसले की भिंतीला टेकावं लागलं, आणि हसता हसता घड्याळाकडे पाहिलं, तर त्यात अजून एक मिनिट शिल्लक होतं.

"सात," मामा दारातून म्हणाले. "बराबर." आणि मेंढरं गोळा करायला अंगणात परतले. आत आलेच नाहीत.

सात हात वर झाले. कौसाबाईंचाही झाला, जरा वेळानं. तहसीलदार साहेबांनी ठराव मंजूर झाल्याचं वाचून दाखवलं. संगीतानं सही केली, शिक्का आणि चाव्या माझ्यापुढे सरकवल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्याडम, मला फाट्यापर्यंत सोडता का?"

मी तोपर्यंत स्कूटी घेतली होती. माझ्या बदलीची ऑर्डरही त्याच आठवड्यात आली होती, पर्समध्ये होती. फाटा आला तरी ती उतरली नाही. "अजून थोडं पुढं," म्हणाली. हायवेवर जीप तशीच उभी होती. मामांनी वडीगोद्रीहून चाक दुरुस्त करून आणलं होतं आणि ते उन्हात एकटेच ते बसवत होते. पाय अजून अनवाणीच. स्कूटी थांबली तरी त्यांनी मान वर केली नाही. संगीतानं पदर खोचला, त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी चाक धरलं. मामा पान्यानं एकेक नट आवळत गेले.

मग तिचा खांदा हलायला लागला. मला वाटलं, रडतेय.

"मामा," ती म्हणाली, "रावसाहेबाचा खिसा खाल्ला त्या मेंढीनं. ठरावासकट."

मामांनी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमला नाही. पाना खाली पडला आणि ते रस्त्याच्या कडेला बसूनच हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. संगीता हसत होती, मी हसत होते, बाजूनं ट्रक जात होते. पडलेल्या सरपंचाच्या घरचं सुतक असं असेल, हे कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मला त्या दोघांचा किती लळा होता, ते त्या क्षणी मला कळलं. म्हणूनच बहुतेक माझ्या तोंडून ते निघून गेलं.

"मामा, खरं सांगा. चाक बसलं तेव्हा मनात आलं नाही का, की राहू द्यावं असंच? अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता. तुमचं काही चुकलंही नसतं."

मामांनी बाहीनं डोळे पुसले. पाना उचलला. सुनेकडे न बघता ते म्हणाले, "आल्तं की म्याडम. म्हनून तर पळालो."

संगीताचं हसू थांबलं. ती सासऱ्यांकडे बघत राहिली. मग तिनं मातीत ठेवलेला नट उचलला, पदराला पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"आवळा नीट," ती म्हणाली.